ऑपरेशन पोटाचं झालं, आग्रहाचं कोण करणार?

एरवी मी इथे खड्डे, पाणीपट्टी आणि महापालिका यावर लिहितो. आज स्वतःच्या पोटावर लिहितोय. पोस्ट मोठी झालीय. पण अर्धी वाचून कॉमेंट करू नका, एवढी विनंती.

निमित्त परवाच्या एका लग्नाचं. नात्यातलंच लग्न, सांगलीतलंच कार्यालय. मी ताटात दोन चमचे भात, वाटीभर आमटी आणि थोडी उसळ घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. एक काका आले आणि न विचारता ताटात दोन जिलब्या टाकल्या. वर म्हणाले, "आता तुला कसली भीती रे? पोट कापून घेतलंयस, खा की बिनधास्त!" दहा मिनिटांनी हात धुवायला गेलो, तर तेच काका दुसऱ्याला सांगत होते, "एवढे लाख घालवले, आणि बघ, परत सुटायला लागलाय."

दोन्ही वाक्यं एकाच माणसाची, एकाच लग्नातली. मला काकांचा राग आला नाही. खरंच नाही. पण घरी येताना मिरज रोडवर एक फलक दिसला. ढगळ पँट हातात धरून उभा असलेला हसरा माणूस आणि शेजारी मोठ्या अक्षरात वजनाला कायमचा रामराम. तेव्हा मात्र डोकं फिरलं. कारण काकांना असं बोलायला शिकवलंय ते या फलकाने.

आता माझी गोष्ट. लपवण्यासारखं काही नाही, अर्ध्या गावाला माहितीच आहे.

२०२२ च्या जूनमध्ये पुण्यात माझी स्लीव्ह सर्जरी झाली. वजन १३१ किलो, उंची पाच फूट सात इंच. साखरेच्या दोन गोळ्या, बीपीची एक. घोरणं असं की शेजारच्या खोलीत पोरगं जागं व्हायचं. चालणं, डाएट, काढे, उपवास, नॅचरोपॅथी, सगळं करून झालं होतं. दर वेळी दहा किलो उतरायचे आणि बारा परत यायचे. दीड वर्षात मी ८७ वर आलो. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. आज मी ९८ वर आहे. म्हणजे ४४ उतरले, त्यातले ११ परत आले.

हा ११ चा आकडा इथे लिहायला मला आठ महिने लागले. का लागले, ते पुढे सांगतो. मुख्य भांडण तेच आहे.

आधी ज्यांना हे ऑपरेशन म्हणजे "शॉर्टकट" किंवा "पैशाचा माज" वाटतो त्यांच्यासाठी थोडं. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. ज्या भागात भुकेचं संप्रेरक, म्हणजे घ्रेलिन, जास्त तयार होतं तो भागही त्यात जातो. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे फक्त पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ. नेहमीचं जेवण यायला दीड-दोन महिने जातात. पाणीसुद्धा घोट घोट प्यायचं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळतात. हा शॉर्टकट असेल तर लांबचा रस्ता कसा असतो, ते मला कुणीतरी दाखवा.

आणि उपचार म्हणून हे थोतांड नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो लठ्ठ माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून अभ्यास झाला. ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी निघालं. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वात खाली जातं आणि नंतर थोडं परत वर येतं. थोडं वजन परत येणं ही कुणा एकाची लाजिरवाणी चूक नाही, ते बहुतेकांच्या बाबतीत होतं. डॉक्टरांना हे माहिती असतं. फलकावर मात्र "कायमचा" असं लिहितात.

माझ्या बाबतीत काय झालं? पहिलं वर्ष ऑपरेशननेच काम केलं. भूकच लागायची नाही. बायको म्हणायची, "अहो, दोन घास तरी घ्या." मला वाटलं, सुटलो. खाण्याशी असलेलं चाळीस वर्षांचं नातं संपलं एकदाचं. दुसऱ्या वर्षी भूक हळूहळू परत आली, आणि मग कळलं की पोटाची भूक वेगळी आणि डोक्याची वेगळी. पोटाची कापून टाकता येते. डोक्याची तिथेच बसलेली असते.

आपण सांगलीकर, म्हणून भडंगाचंच उदाहरण देतो. माझ्या उरलेल्या जठरात चिकनचे चार तुकडे किंवा एक अंडं आणि अर्धी शाळूची भाकरी गेली की बास, पाचवा घास घशाशी येतो. पण भडंग? भडंग तोंडात विरघळतं, नळीतून सरकतं आणि पोट भरल्याची खूणच होत नाही. संध्याकाळी सहा ते नऊ, मूठ मूठ करत पाव किलो कधी संपायचं ते कळायचं नाही. वेफर्स, फरसाण, बिस्किटं, आईस्क्रीम, सरबत, सगळ्यांचं तसंच. ज्याने माझं भलं होणार ते अन्न चार घासांत अडतं आणि ज्याने वाटोळं होणार ते सरसर खाली उतरतं. ऑपरेशनच्या आधी हे एवढं वाक्य मला कुणी नीट समजावून सांगितलं असतं, तर दुकानाच्या ड्रॉवरमध्ये भडंगाचा पुडा आला नसता.

हो, ड्रॉवरमध्ये. कुलपात. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, दोन पोरांचा बाप, स्वतःच्या दुकानात भडंग लपवून खात होता. का? दिवसभराची उधारी, जीएसटीची नोटीस, बापाचं आजारपण, सगळ्यावर मी लहानपणापासून एकच औषध घेत आलोय, ते म्हणजे खाणं. पोट छोटं केलं म्हणून उधारी छोटी होत नाही. ताण आला की हात कुठे जातो, हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी मला कुणी विचारला नाही. विचारलं ते एवढंच: कॅश की मेडिक्लेम?

आता हॉस्पिटलचं. नाव घेणार नाही, कारण हे एका हॉस्पिटलचं दुखणं नाही. ऑपरेशनच्या आधी त्यांच्या को-ऑर्डिनेटरचा रोज फोन यायचा. "सर, ठरलं का? सर, या आठवड्यात सवलत आहे." ऑपरेशन झालं, घरी आलो, महिन्याभरात फोन बंद. हातात एक छापील डाएटचा कागद. त्यात ब्रोकोली, टोफू, अव्होकाडो. आमच्या गणपती पेठेत अव्होकाडो मागितला तर भाजीवाल्या मावशी माझ्याकडेच संशयाने बघतील. मटकी किती, भाकरी किती, ताक कधी प्यायचं, पिठलं चालतं का, लग्नात काय करायचं, श्रावणात काय, गणपतीत एकवीस मोदकांचं काय, याबद्दल त्या कागदात एक ओळ नव्हती.

कामाच्या गोष्टी मला इकडून तिकडून, चुका करत कळल्या. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास थांबायचं. ताटात आधी प्रोटीन संपवायचं, म्हणजे अंडं, पनीर, डाळ, मासा, चिकन. भात-भाकरी शेवटी. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन, आणि आपल्या नेहमीच्या वरण-भातात ते होत नाही. लहान घास, बारीक चावणं, वीस-तीस मिनिटं जेवण. घाई केली की छातीत अडकतं आणि उलटी होते. बायपासवाल्यांनी गोड खाल्लं की घाम, धडधड, जुलाब. आणि गोळ्या. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, जन्मभर. कॅल्शियम आणि लोह एका वेळी नाही, मध्ये दोन तास तरी हवेत.

या "जन्मभर"मध्येच मी फसलो. दुसऱ्या वर्षी मी गोळ्या सोडल्या. वजन उतरलं, साखर उतरली, आता कशाला? डिस्चार्जच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, हे मान्य करतो. चूक माझी. पण दीड वर्ष कुणी "रक्त तपासलं का?" असं विचारलंही नाही. मग पायाला मुंग्या यायला लागल्या. नंतर पाय बधिर. चप्पल निसटली तरी कळायचं नाही. एक दिवस दुकानाच्या पायऱ्यांवरून पडलो. मिरजेत तपासणी झाली, बी-१२ तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाली. आज बरंच बरं आहे, पण डाव्या पायाची दोन बोटं अजून माझी वाटत नाहीत.

तेव्हाच मी पुण्याला ऑपरेशनच्या डॉक्टरांकडे का गेलो नाही? कारण वजन वाढलं होतं. काट्यावर उभं राहायची लाज वाटत होती. डॉक्टर काय म्हणतील, बायकोसमोर काय बोलतील. मुद्दा इथे आहे. "कायमचा रामराम" असं सांगून विकलेल्या ऑपरेशनमध्ये ज्याचं वजन परत येतं, तो स्वतःला नापास समजतो. आणि नापास पोरगं शाळेकडे फिरकत नाही. ज्या माणसाला डॉक्टरची सगळ्यात जास्त गरज असते, तोच डॉक्टरला तोंड चुकवतो. फलकावरच्या एका शब्दाने माझ्या पायाची दोन बोटं नेली, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल का? तुम्हीच सांगा.

या आजारपणानंतर मी शोधून शोधून जिल्ह्यातले आणखी चार जण गाठले. वेगवेगळ्या डॉक्टरांकडे ऑपरेशन झालेले. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही आमराईत भेटतो, चालतो, बोलतो. त्यातल्या दोघांची गोष्ट नावं न घेता, त्यांना विचारून सांगतो.

एक मित्र. बायपास झालेला. आधी दारू म्हणजे वर्षातून दोनदा. ऑपरेशननंतर खाणं बंद, मग ताण घालवायला ग्लास आला. बायपासनंतर दारू झटकन चढते आणि दुसऱ्या वर्षापासून दारूचं व्यसन लागायचा धोका वाढतो, हे अभ्यासांमधून दिसलेलं आहे. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. घरचे म्हणत होते, "वजन उतरलं ना, मग एखादा पेग घेतला तर काय?" आता तो मिरजेत मानसोपचार घेतोय. या पोस्टमधली सर्वात धीराची व्यक्ती तोच आहे.

दुसऱ्या एक ताई. एकत्र कुटुंब, अकरा माणसं. आपल्याकडे घरची बाई शेवटी जेवते, उरलंसुरलं. पण या ऑपरेशनचा नियम काय? वेळेवर जेवा, आधी प्रोटीन. ताईंनी स्वतःसाठी दोन अंडी उकडली की सासूबाई म्हणणार, "आमच्यात बायकांनी असं वेगळं करून खायची पद्धत नाही." मग त्या काय खातात? सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात आणि चहाबरोबर बिस्किटं. हिमोग्लोबिन घसरलं, चक्कर येऊन पडल्या. आणि त्यावर शेजारीण म्हणाली, "बघा, ऑपरेशनचे दुष्परिणाम!" ऑपरेशनचे नाहीत हो. स्वयंपाकघराचे.

हे वाचून कुणी म्हणेल, मग काय, आता आम्ही पाहुण्याला जेवा असं म्हणायचं पण नाही? आग्रह ही आपली संस्कृती आहे!

मला आग्रह कळतो. माझी आई ७२ च्या दुष्काळातली. सुकडी खाऊन दिवस काढलेली. तिच्यासाठी ताटात वाढणं म्हणजे माया, आणि ताटात टाकणं म्हणजे पाप. माझं ऑपरेशन झाल्यावर ती वर्षभर एकच म्हणत होती, "बाळा, पोटभर जेव रं." ती रडायची, मी खायचो आणि मग उलटी करायचो. एके दिवशी मी तिला वाटी दाखवली. म्हटलं, आई, माझं पोट आता एवढंच आहे, ही वाटी भरली की मी पोटभर जेवलो. तिने ती वाटी वेगळी काढून ठेवली. आता रोज तीच भरून देते, वर एक चमचा वाढत नाही. सातवी शिकलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईला जे समजलं, ते लग्नातल्या पदवीधर काकांना समजायला काय हरकत आहे?

आग्रह नको असं कुणीच म्हणत नाही. समोरचा "नको" म्हणाला की थांबा, एवढंच. दुसऱ्याच्या ताटात न विचारता वाढणं हे प्रेम नाही, ती बळजबरी आहे. आणि ताट रिकामं का, पोट का सुटलं, बारीक कशाने झालास, या चौकश्या तर त्याहून वाईट. माणसाच्या शरीरावर गावाची मालकी नसते.

आता फक्त रडगाणं गाऊन उपयोग नाही. एरवी रस्त्याच्या पोस्टमध्ये मागण्या लिहितो, तशा इथेही लिहितो.

एक. पॅकेजच्या कागदावर ऑपरेशननंतरच्या किमान दोन वर्षांच्या भेटी, रक्ततपासण्या आणि आहारतज्ज्ञाचा सल्ला लेखी असलाच पाहिजे. नसेल तर सही करू नका. आणि आहारतज्ज्ञ आपल्या ताटातलं बोलणारा हवा.

दोन. ऑपरेशनच्या आधी मानसतज्ज्ञाशी नीट बोलणं. "फिट आहे" असा शिक्का मारण्यापुरतं नाही. खाणं तुमच्या आयुष्यात काय काम करतं, ते काम उद्या कोण करणार, हे विचारणारं.

तीन. विमा. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार असेल, तर ऑपरेशनचा खर्च पॉलिसीत बसू शकतो. चांगलं झालं. पण पुढच्या गोळ्या, तपासण्या, समुपदेशन? घरी आल्यावर ठरावीक दिवस संपले की बहुतेक पॉलिसींमध्ये सगळं खिशातून. लाखांचं ऑपरेशन चालतं आणि ते टिकवणाऱ्या तपासणीचे पैसे मिळत नाहीत, याला काय म्हणायचं?

चार. जिल्हा रुग्णालयात मधुमेह-बीपीसाठी असंसर्गजन्य आजारांचं क्लिनिक असतं. तिथेच महिन्यातून एक दिवस ऑपरेशन झालेल्यांसाठी आणि लठ्ठपणासाठी ठेवा. नवी इमारत नको. एक आहारतज्ज्ञ, एक समुपदेशक, एक काटा, आणि काट्यावर टोमणा न मारणारा माणूस. लोकप्रतिनिधींना टॅग करतोय, एरवी फीत कापायला येतात, यालाही यावं.

पाच. जाहिरात. १९५४ चा औषधं आणि जादुई उपाय यांच्या जाहिरातींचा कायदा आहे. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी आपल्याला कळत होतं की इथे माणूस हतबल असतो आणि त्याला फसवणं सोपं असतं. मग चौकाचौकांत "कायमचा" असं लिहिणारे फलक कसे चालतात?

आणि हे आत्ताच करायला हवं. कारण २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ऑपरेशनची मर्यादा खाली आणली. आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी तर साडेसत्तावीस बीएमआयपासून. शिवाय २०२५ पासून वजनाची, आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं भारतात आली आहेत. इंजेक्शन बंद केलं की भूक परत येते, तिथेही तेच होणार. उद्या तुमच्या घरातलं कुणीतरी या रांगेत असेल. तेव्हा त्याला सुई आणि सुरी मिळेलच. पुढचं आयुष्य कसं जेवायचं, हे शिकवणारा कुणी असेल का?

मला कुणी विचारतं, "पश्चात्ताप होतो का?" नाही. ऑपरेशन केलं नसतं तर ही पोस्ट लिहायला मी असतो की नाही, शंका आहे. आज जिना चढतो, रात्री झोपतो, पोरगं पण झोपतं. ११ किलो परत आले, पण ३३ गेलेले आहेत, हे मी आता आरशासमोर मोठ्याने म्हणतो. ड्रॉवरचं कुलूप काढून टाकलंय. भडंग बंद नाही केलं. रविवारी आमराईतून आल्यावर, वाटीत काढून, सगळ्यांसमोर बसून खातो. लपून खाल्लं की पाव किलो जातं, समोर बसून खाल्लं की वाटीत भागतं.

गेल्या महिन्यात पुण्याला डॉक्टरांकडे गेलो, दीड वर्षाने. काट्यावर चढलो. ९८. डॉक्टर म्हणाले, "आलात ते बरं केलंत." एवढंच. एवढ्या एका वाक्याला मी दीड वर्ष घाबरत होतो.

तुमच्यापैकी कुणाचं ऑपरेशन झालेलं असेल आणि वजन परत येतंय म्हणून तोंड लपवून बसला असाल, तर उद्या फोन लावा. डॉक्टरांना लावा, नाही जमलं तर मला मेसेज करा. रविवारी सकाळी साडेसहाला आमराईच्या गेटवर आम्ही पाच जण असतो. सहावा आला तर जागा आहे.

आणि काका, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेलच. पुढच्या लग्नात भेटू. जिलबी मीच मागून घेईन, अर्धी.